सत्ताविसावा मीटर

१२ जानेवारी

सभेहून आलो तो तसाच लिहायला बसलो, म्हणून अक्षर असं आलंय. ब्राटबाकनचा, म्हणजे आमच्या स्की उडीच्या टेकडीचा, मनोरा पाडणार. म्हणजे अजून नक्की नाही, पण जवळजवळ ठरल्यासारखंच. आमच्या स्की मंडळाचा नवा अध्यक्ष हालस्टाइन एरवी गावोगाव गाड्यांच्या चार्जिंगचे खांब बसवत फिरतो. त्याने उभं राहून सांगितलं की उडीच्या टेकडीवर नऊ वर्षांत एकही स्पर्धा झालेली नाही, वरचा लाकडी मनोरा कुजतोय आणि विमेवाले विचारतात की हे ठेवलंय कशासाठी. या हिवाळ्यात एक तरी स्पर्धा पार पडली तर मनोरा राहील, नाही तर एप्रिलमध्ये उतरवायचा. मतासाठी हात वर झाले. मी स्पर्धेच्या बाजूने हात इतक्या जोरात वर केला की शेजारच्या तोरगाइरची टोपी उडाली.

मग माझी मुलगी इंगुन उठली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवते. म्हणाली, स्पर्धा मी भरवते. शाळेतली नऊ-दहा पोरं तिने आधीच पटवून ठेवली आहेत म्हणे. माझ्याच घरातली बातमी मला सभेत कळते.

हालस्टाइन म्हणाला, उडी सोडायचा झेंडा अर्थातच एनोककडे, म्हणजे माझ्याकडे. खोलीत एकदम शांतता पसरली. इंगुन आपल्या बुटांकडे बघत होती. इतक्या वर्षांची सेवा, लोकांना भरून येणारच. मलाही आलं.

१५ जानेवारी

हालस्टाइन घरी आला होता. टेकडीला यंदा नव्वद वर्षं होतात, तर स्पर्धेच्या दिवशी एक छोटी पुस्तिका काढायची आहे. त्यात एक पान मी लिहायचं. विषय त्यानेच दिला: स्की उडी मागे का पडली.

मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली, नंतर लाकडाच्या गिरणीत गेलो, मी कसलं पान लिहिणार? तो म्हणाला, तू रोज वहीत लिहितोस असं बोरगिल सांगते. आता ही वही डॉक्टरने लिहायला लावलीय. काळज्या डोक्यात ठेवू नकोस, कागदावर काढ, असं तो म्हणाला. बोरगिलने तेव्हाच दुकानातून पाच वह्या आणल्या. म्हणजे मला ऐकायला नकोत, म्हणाली. बावन्न वर्षांच्या संसारानंतर बायको असं बोलते.

पण पान लिहिणार. गावात एकेकाला गाठून कारणं गोळा करायची.

२० जानेवारी

पहिला तोरगाइर. कॉफीला आला आणि तीन कप होईपर्यंत हलला नाही. ऐंशीचा झालाय, डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही आणि उजवा त्याच्या मर्जीवर चालतो.

त्याच्या मते सगळा दोष टीव्हीवरच्या गणिताचा. पूर्वी जो लांब उडाला तो जिंकला, हे पाळण्यातल्या पोरालाही कळायचं. आता लांब उडालेला माणूस खाली उभा राहून पाटीकडे बघतो, मग वाऱ्याचे गुण वजा होतात, सुटायची जागा किती उंच त्याचे मिळतात, आणि सातवा आलेला पहिला ठरतो. शिवाय उडीपेक्षा कपड्यांची मोजणीच जास्त दाखवतात. मांडीतलं कापड किती सैल, हे बघायला दोन माणसं पट्टी घेऊन वाकलेली. "जेवताना कोण बघेल ते?" तोरगाइर म्हणाला.

मी लिहून घेतलं. एक, गणित. दोन, मांड्या.

जाताना दारात म्हणाला की पोरं वर मनोऱ्यावर उभी राहून गोठायची, हेही लिही. म्हणून तीन, थंडी. पण हिवाळे पहिल्यासारखे राहिले नाहीत हेही कारण आहेच आणि ते मी चौथं लिहिलं. आता तिसरं आणि चौथं एकमेकांना छेद देतात. याचा विचार करावा लागेल.

२४ जानेवारी

दुकानात एस्पेन भेटला. हा लहानपणी आमच्या टेकडीवरचा सगळ्यात धीट पोरगा. चौदाव्या वर्षी उडी सोडली, आता बंदिस्त मैदानात पोरांना फुटबॉल शिकवतो. तू का सोडलीस, असं सरळच विचारलं. दूध पिशवीत भरत तो म्हणाला, "हॉलमध्ये वारा नसतो, एनोक." आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

पाच, बंदिस्त मैदानं.

दुकानातल्या बाईने सांगितलं की स्की अडीच मीटर लांब आणि आजकालच्या विजेच्या गाड्या एवढ्याशा, मग पोराला घेऊन जाणार कसं? हे मला फार पटलं. सहा. तिचा स्वतःचा मुलगाही दोन हिवाळे यायचा. रविवारी जायचा आणि स्की कोरड्याच घेऊन परत यायचा, म्हणाली.

जो तो वाऱ्याचंच काढतो. वाऱ्याला दोष देणं बरोबर नाही. वारा पूर्वीही होता.

३१ जानेवारी

बोरगिलला विचारलं. ती मोजे विणत होती. मान वर न करता म्हणाली, "एकच कारण लिही. पानात मावेल." कोणतं, असं विचारलं तर टाके मोजतेय म्हणाली.

तिला बर्फाचं म्हणायचं असणार. ते बरोबरच आहे, आज पुन्हा पाऊस पडला. जानेवारी संपतोय आणि उतारावर गवत दिसतंय. आपल्या देशात आता ही अवस्था. मी तीनदा खिडकीशी गेलो. बर्फच नसेल तर स्पर्धा कसली? आणि बर्फ पडला आणि वर कडक झाला, तर? मग घसरतील. मऊ राहिला तर रुततील.

८ फेब्रुवारी

बर्फ! दोन दिवस थांबायचं नाव नाही. आज सगळं गाव श्रमदानाला आलं. इंगुनने चर्चसमोरच्या मैदानावरचा बर्फही ट्रकने आणून ओतला, मग आम्ही चाळीसेक माणसं उतारावर आडवी रांग करून, पायात स्की घालून, एकेक पाऊल तुडवत वरून खाली आलो. पुन्हा वर, पुन्हा खाली. माझे गुडघे कालपासून नाही म्हणत होते, मी ऐकलं नाही. बोरगिलने खाली वॅफल भाजले, वर तपकिरी चीज. एवढी माणसं ब्राटबाकनवर मी किती वर्षांनी पाहिली. नाक सारखं गळत होतं, थंडीमुळे.

मग मीटरच्या पाट्या ठोकल्या. हे पोरांना समजावून सांगावं लागलं. मोठ्या टेकड्यांवर आता कॅमेरे लांबी मोजतात. आमच्याकडे अजून माणसं मोजतात. उताराच्या कडेने मीटरा-मीटरावर एकेक जण उभा राहतो, आणि उडणाऱ्याचे पाय ज्याच्यासमोर टेकले त्याने हात वर करायचा. बस. प्रत्येकाचा मीटर ठरलेला. सत्ताविसावा माझ्या वडिलांचा होता, नंतर माझा झाला. मी झेंडा घेतल्यापासून तिथे तोरगाइर उभा राहतो. आणि एकही मीटर रिकामा असताना उडी सोडायची नाही, हा नियम माझ्या वडिलांच्याही आधीपासूनचा आहे.

झेंड्याचंही सांगितलं. पंचांच्या माडीवर मी लाल झेंडा धरून उभा असतो. झेंडा वर आहे तोवर थांबायचं, खाली आला की सुटायचं. म्हणून मी तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. नाक खाजलं तरी दुसऱ्या हाताने खाजवतो.

एका लहान मुलीने विचारलं, खाली कधी येतो? मी म्हटलं, वारा पडला की. पोरं इंगुनकडे बघायला लागली.

१५ फेब्रुवारी

सरावाचा दिवस. सगळं तयार होतं. पोरं मनोऱ्यावर चढली, मी झेंडा वर केला आणि पलीकडच्या पाइनच्या शेंड्यांकडे बघत उभा राहिलो. वारा कधी खोटं बोलतो, पण शेंडे नाही. हलत होते. थोडे थांबले, मी झेंडा जरा खाली घेणार तोच पुन्हा हलले. असं बराच वेळ चाललं. शेवटी पोरं पायऱ्यांनी उतरून घरी गेली. दोघं-तिघं रडत होती, बोटं गारठली म्हणून. सात हातमोजे वर राहिले.

कुणालाही काही झालं नाही. एकालाही नाही. मी समाधानाने झेंडा गुंडाळला.

इंगुन मला गाडीतून सोडायला आली. आमच्या फाटकापाशी इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "बाबा, तू मला उडताना कधी पाहिलंयस?"

हा काय प्रश्न झाला? ती लहानपणी इथेच उडायची. त्या वेळी मुलींची नावं निकालात घेत नसत. स्पर्धेच्या सुरुवातीला उतार तपासायला कुणीतरी चाचणीची उडी मारावी लागते, ती तिला देत असू. मी म्हटलं, अर्थात, मीच तर झेंडा धरायचो.

"धरायचास," ती म्हणाली. "तू शेंडे बघायचास. मी कुठे टेकले, ते तुला रात्री जेवताना विचारायचास."

मला आठवून बघावंसं वाटलं. शेंडे आठवतात. निळी टोपी आठवते, मनोऱ्यावरची. खाली टेकताना मात्र आठवत नाही. पण ते साहजिक आहे, झेंडेवाल्याने खाली बघायचंच नसतं.

ती म्हणाली की येत्या रविवारी चाचणीची उडी तीच मारणार. या वयात. मी म्हटलं, वारा बघून ठरवू. तिने गाडी सुरू केली.

१७ फेब्रुवारी

जेवण जात नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी हाडं लवकर जुळत नाहीत. बोरगिलला म्हटलं, तू तिला सांग. बोरगिल म्हणाली, "मी तिला सांगितलं. जा म्हणून सांगितलं."

दोघी एक झाल्यात.

२१ फेब्रुवारी

उद्या. हवामान खात्याने मध्यम वारा सांगितलाय. मध्यम म्हणजे काय? कुणाच्या मते मध्यम? तरीही खरं लिहायचं तर मला लहान पोरासारखं झालंय. झेंड्याला इस्त्री केली. बोरगिल म्हणाली, स्वतःच्या शर्टालाही कर.

पुस्तिकेचं पान अजून दिलं नाही. हालस्टाइनने त्या जागी वॅफलचे दर छापले.

२२ फेब्रुवारी

कुठून सुरू करू? सकाळपासूनचं सगळं डोक्यात एकदमच येतंय.

माणसं आली होती, पलीकडच्या खोऱ्यातूनसुद्धा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. एस्पेन आपल्या फुटबॉलच्या पोरांना घेऊन आला. मीटरवाले रांगेत उभे राहिले, तोरगाइर सत्तावीसवर, हातात थर्मास. वर मनोऱ्यावर दहा पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे आडव्या दांडीवर बसलेली इंगुन. निळी टोपी. मला वाटतं तीच टोपी.

मी माडीवर चढलो आणि झेंडा वर केला. शेंडे हलत होते.

मी थांबलो. सगळे थांबले. हालस्टाइन भोंग्यावरून म्हणाला, थोड्याच वेळात सुरू करू. मग पुन्हा तेच म्हणाला. मग नुसतं संगीत लावलं. माझा हात भरून आला तरी मी झेंडा हलू दिला नाही. खाली माणसं पाय आपटायला लागली. एक गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरी. हालस्टाइन जिन्यावरून वर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एनोक, आज रद्द झालं तर एप्रिलला मनोरा जातो. एवढंच सांगायला आलो." मी म्हटलं, मला माहीत आहे. मला माहीत होतंच. सगळ्या गावात माझ्याएवढं कुणाला माहीत असेल? पण शेंडे हलत होते, त्याला मी काय करू? मनोरा पुन्हा बांधता येतो. मुलगी कुठून आणणार?

हे त्याला म्हणालो नाही. इथे लिहितोय.

तेवढ्यात मी एकदा उताराकडे पाहिलं, आणि सत्तावीसवर कुणी नव्हतं. पाटी होती, थर्मास होता, तोरगाइर नव्हता. बघतो तर तो खाली बोरगिलच्या टेबलापाशी वॅफल घेऊन गप्पा मारतोय. स्पर्धेच्या दिवशी, मीटर रिकामा टाकून! माझ्या वडिलांचा मीटर. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. त्याचा डावा कान माझ्याकडे होता. मग मी कठड्यावरून वाकलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जीव काढून हाक मारली, "तोरगाइर, सत्तावीस!"

दोन्ही हात. हे मला कळलं तेव्हा झेंडा कठड्यावरून खाली चालला होता, सावकाश, गटांगळ्या खात.

आणि वर दांडीचा आवाज झाला.

आता काहीच करण्यासारखं उरलं नव्हतं. झेंडा नाही, हाक मारून उपयोग नाही. म्हणून मी बघितलं. स्कीची घरघर घसरपट्टीवरून वाढत आली आणि कडेला येताच बंद पडली, म्हणजे आवाजच नाही. मला वाटायचं हवेत आवाज होत असेल. नाही होत. ती पुढे झुकलेली, नाक जवळजवळ स्कीच्या टोकांवर, हात अंगाशी, आणि ती पडत नव्हती. इतकी माणसं या टेकडीवरून मी सोडली, पण पडत नाहीत म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. माझी पोरगी वाऱ्यावर अशी टेकली होती, जसं कुणी दमून आपल्या माणसाच्या खांद्यावर टेकतं. मग एक पाय पुढे, गुडघा वाकवून, दोन्ही हात पसरून ती टेकली. फट्ट असा एकच आवाज. थेट रिकाम्या पाटीसमोर.

माडीवर कुणाचा तरी हात वर होता. बघतो तर माझाच.

तोरगाइर वॅफल चावत वर बघत होता, आता उजवा कान माझ्याकडे. कुठे टेकली, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, सत्तावीस.

"तिथून दिसतो सत्तावीस?"

"मला दिसला."

"चाचणीची उडी मोजत नाहीत," पंचांमधला एक जण म्हणाला. मी म्हटलं, मग मोजू नका, पण सत्तावीस आहे. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहून टाकलं.

झेंडा शोधायला मी जिना उतरत होतो तोवर पहिलं पोर सुटलंही होतं. मग दुसरं. वर झेंडाच दिसत नव्हता, त्यांचा तरी काय दोष? मी थांबा म्हणून ओरडलो. बोरगिल म्हणते, तू 'या' म्हणून ओरडत होतास. गर्दीत तिला नीट ऐकू आलं नसेल. दहाच्या दहा पोरं उडाली, मग खाली येऊन पुन्हा वर पळाली. ती झेंड्याचं विचारणारी मुलगी चौदा मीटर गेली आणि बर्फात तोंडावर पडली, उठून हसत सुटली. एस्पेनची फुटबॉलची पोरं कुंपणाला लटकून बघत होती. संपता संपता एस्पेन स्वतःच कुणाचे तरी बूट मागताना मी पाहिला.

इंगुन माझ्यापाशी आली. गाल लाल, भुवया पांढऱ्या. मी विचारलं, वारा होता का गं?

"होता ना," ती म्हणाली. "छान होता."

झेंडा मिळाला नाही. माडीखाली बोरगिलचंच टेबल होतं, तिला विचारलं. मी वॅफल बघू की झेंडे, म्हणाली.

२५ फेब्रुवारी

समाजगृहात बक्षीस समारंभ. मनोरा राहणार, हालस्टाइनने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, म्हणून माझं बाकीच्या भाषणाकडे लक्ष राहिलं नाही. उन्हाळ्यात नवे खांब घालणार. रिवाजाप्रमाणे प्रत्येक पोराला बक्षिसाचा चमचा. यंदा बोरगिलने प्रत्येक चमच्याला एक लाल फीत शिवून बांधली होती. चांगलं जाड कापड, कडेला नीट इस्त्री केलेलं. असं कापड हल्ली मिळत नाही. कुठून आणलंस विचारलं, तर घरात पडून होतं म्हणाली. इंगुनलाही एक फीत मिळाली, तिने ती लगेच टोपीला लावली.

पान पूर्ण केलं. अकरा कारणं झाली. गणित, मांड्या, थंडी, गरमी, बंदिस्त मैदानं, छोट्या गाड्या, मुलींना इतकी वर्षं निकालाबाहेर ठेवलं ते, मोबाइल, विमेवाले, सगळा पैसा धावण्याच्या स्कीला जातो ते, आणि टीव्हीवर बघणारे वाढले पण स्वतः एकदा तरी उडून पाहिलेले कमी झाले ते. शेवटचं माझं स्वतःचं आहे, रविवारनंतर सुचलं. हालस्टाइन म्हणतो, पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत घालू.

बोरगिलने चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, एक राहिलं.

"कोणतं?"

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "राहू दे," म्हणाली. "आता नाही लागायचं."

१ मार्च

आज रविवार. स्पर्धा नाही, काही नाही, तरी टेकडीवर सतरा पोरं. झेंड्याशिवाय हे बरं नाही, असं मी इंगुनला स्पष्ट सांगितलं. नवा शिवेपर्यंत बंद ठेवू या, म्हटलं. ती म्हणाली, आई शिवणार आहे ना, तिला वेळ झाला की. तोवर माणसं कमी आहेत, मीटरवर उभा राहतोस का?

सत्तावीसवर गेलो. बराच वेळ उभा होतो. तिथवर कुणी येईना, पोरं लहान. ती सगळी वरच टेकतात, तेरा-चौदा-पंधरावर, आणि तिथे बघायला कुणी नाही. पोरं उठून इकडे तिकडे बघतात, किती झाली म्हणून. हे मला बघवेना. शेवटी तोरगाइरला त्याची जागा परत दिली आणि स्वतः चढून चौदावर जाऊन उभा राहिलो.

जास्त लिहवत नाही. उजवा हात खांद्यापासून दुखतोय, दिवसभर वर करून करून. बोरगिल तेल गरम करतेय. पाठ शेंड्यांकडे होती, म्हणून वारा किती होता ते सांगता येत नाही.